गिरणीचा दम

इंजिन वाफेचे असो, तेलाचे असो की आणखी कशाचे, त्याला दोन वाटा असाव्याच लागतात. एक आत येणाऱ्याची आणि दुसरी बाहेर जाणाऱ्याची. जे आत यायचे ते मोकळेपणी आले पाहिजे आणि काम झाले की तितक्याच मोकळेपणी बाहेर गेले पाहिजे. यांपैकी एक वाट जरी अडली तरी इंजिनाला धाप लागते. आपल्या भाषेतला 'दम' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. श्वासाला दम म्हणतात, ताकदीलाही दमच म्हणतात. आणि दम कोंडला म्हणजे इंजिन नुसते बंद पडते, माणूस मात्र मरतो. मुंबईच्या गिरणगावाने इंजिनाचा दम वाढविण्यासाठी काय काय केले आणि माणसाच्या दमाचा हिशेब केव्हा व कसा मांडला, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने यंत्रावर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. आमचे शिक्षण वर्गात थोडे आणि गेटसभांत फार झाले. पण एक गोष्ट आम्ही लवकर शिकलो. मालकाशी पगाराची बोलणी करायची तर आधी गिरणीचा खर्च वाचता आला पाहिजे, आणि गिरणीचा खर्च वाचायचा तर यंत्र कळले पाहिजे. कोळसा किती जळला आणि सूत किती निघाले, ही दोन कोष्टके शेजारी ठेवली म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभारली, आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर ह्या पट्ट्यात गिरण्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. कापूस खानदेश-वऱ्हाडातून येत होता, माणसे कोकणातून आणि घाटावरून येत होती, माल न्यायला समुद्र दारात होता. नव्हता तो कोळसा. तो आधी इंग्लंडातून जहाजाने आणि पुढे बंगालच्या खाणींतून आणावा लागे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याच्या मानाने मुंबईच्या गिरणीवाल्याला कोळसा महाग पडे. म्हणून येथे कोळशाच्या प्रत्येक पाटीतून पुरेपूर काम काढून घेण्याकडे लक्ष होते, आणि कोळशाचे काम हे शेवटी हवेचे काम असते.

एक किलो कोळसा पुरता जाळायला दहा-अकरा किलो हवा लागते. प्रत्यक्ष भट्टीत तेवढ्याने भागत नाही, पंधरा किलोंच्याही वर द्यावी लागते. हवा कमी पडली तर कोळशातला कार्बन अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळालेला कार्बन पूर्ण जळण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उष्णता देतो. बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाते. हवा जास्त झाली तरी तोटाच, कारण ती फुकटची हवा भट्टीत तापते आणि आपल्याबरोबर उष्णता बाहेर घेऊन जाते. तेव्हा प्रश्न नुसत्या हवेचा नसून बेताच्या हवेचा आहे.

ही हवा भट्टीत ओढायची कोणी? हे काम धुराड्याचे. पुष्कळांची समजूत अशी की, धूर लोकांच्या नाकात जाऊ नये म्हणून धुराडे उंच बांधतात. तो एक फायदा झाला, पण धुराडे हा गिरणीचा पंप आहे, आणि तोही एकसुद्धा चाक नसलेला. तीनशे अंश सेल्सिअस तापमानाचा वायू बाहेरच्या तीस अंशांच्या हवेच्या मानाने जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो. दोनशे फूट उंचीचे धुराडे अशा हलक्या वायूने भरले की बाहेरची जड हवा भट्टीच्या जाळीतून आत घुसते. ही ओढ पाण्याच्या स्तंभात मोजली तर जेमतेम सव्वा इंच भरते. सव्वा इंच पाण्याच्या दाबावर शेकडो कामगारांचे साचे चालत होते!

ह्या सव्वा इंचाची राखण करणारा माणूस म्हणजे आगवाला. लँकेशायर बॉयलर हा फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी १८४४ साली काढला. त्याच्या पोटात शेजारी शेजारी दोन भट्ट्या असतात. दोन का? तर ताजा कोळसा टाकला की प्रथम दाट धूर निघतो. म्हणून एका भट्टीत ताजा कोळसा टाकायचा तेव्हा दुसरी लाल फुललेली ठेवायची, म्हणजे एकीचा धूर दुसरीच्या आचेने पुढे जळून जातो. कागदावर हे सोपे दिसते. पण आळीपाळी साधायची, कोळसा पातळ पसरायचा, दार क्षणभरच उघडायचे, राख साचून जाळीची भोके बुजू द्यायची नाहीत आणि धुराड्याची झडप बोटभर इकडे की तिकडे हे ज्वालेच्या रंगावरून ठरवायचे, हे सारे आगवाल्याच्या हातात होते. चांगला आगवाला असला तर त्याच बॉयलरात त्याच कोळशाची वाफ जास्त होते. ही विद्या कोणत्याही पदवीत मोजलेली नव्हती आणि पगारातही क्वचितच मोजली गेली.

सुधारणा करताना एक वाट मोकळी केली की दुसरी अडते, हा धडाही इथेच मिळाला. एडवर्ड ग्रीन याने १८४५ मध्ये इकॉनॉमायझर काढला. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूच्या वाटेत नळ्यांची रांग उभी करायची आणि त्यांतून बॉयलरचे पाणी आधीच तापवून घ्यायचे. कोळसा वाचला खरा. पण वायू थंड झाला म्हणजे धुराड्याची ओढ कमी झाली, शिवाय नळ्यांवर काजळी बसून वाट अरुंद झाली. मग नळ्या सतत खरवडणारी यंत्रणा बसवावी लागली, धुराडे आणखी उंच करावे लागले. उंची दुप्पट केली तर ओढ दुप्पट होते, पण वायूचा वेग दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. निसर्ग फुकट काही देत नाही, हे गिरणीचा इंजिनिअर आणि गिरणीचा कामगार दोघेही जाणतात.

आता बॉयलरमधून इंजिनात जाऊ. जेम्स वॉटने १७६९ चे पेटंट घेतले ते मूलतः बाहेर जाणाऱ्या वाटेचे होते. काम झालेली वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड केली की तेथे पोकळी होते, आणि दट्ट्याला उलट दाबाशी झगडावे लागत नाही. गिरण्यांच्या आवारात जे तलाव होते, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधला तलाव त्यांपैकीच, ते शोभेसाठी खणलेले नव्हते. इंजिनाचा उच्छ्वास थंड करण्याचे ते पाणी होते. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन हे इंजिनाच्या मोबदल्यात वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत असत. बचतीत ज्याचे डोके, त्याला बचतीत वाटा, हे तत्त्व भांडवलशाहीच्या जन्मकाळीच मान्य झाले होते. बचतीत ज्याचे हात, त्याचा वाटा किती, एवढाच प्रश्न पुढे उरला आणि त्यासाठी आमच्यासारख्यांच्या पिढ्या खपल्या.

दुसरी मोठी सुधारणा अमेरिकेतल्या जॉर्ज कॉर्लिसची, १८४९ सालची. तोपर्यंतच्या पुष्कळ इंजिनांत वाफ ज्या भोकातून सिलिंडरात येई त्याच भोकातून परत जाई. बाहेर पडणारी थंडावलेली वाफ त्या वाटेच्या भिंती गार करून जाई, आणि मागून येणारी ताजी वाफ त्याच गार भिंतींना लागून वाया जाई. कॉर्लिसने चार झडपा केल्या, दोन येण्याच्या आणि दोन जाण्याच्या. शिवाय भार कमीजास्त होईल तशी वाफ आपोआप कमीजास्त होऊ लागली, आणि इंजिनाचा वेग एकसारखा राहिला. वेग हिसकला की धागा तुटतो. म्हणून सूतगिरणीला हे इंजिन देणगीसारखे वाटले. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांत अशी आडवी इंजिने आली. जाड दोरांनी किंवा पट्ट्यांनी त्यांची शक्ती मजल्यामजल्यांवर जाई.

येणाऱ्याची वाट वेगळी, जाणाऱ्याची वाट वेगळी, हा नियम शंभर वर्षांनी पुन्हा एकदा शिकावा लागला. जर्मनीत फेलिक्स व्हँकेल याच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीने १९५७ साली चक्री इंजिन चालवून दाखविले. त्यात दट्ट्या खालीवर होत नाही. तीन कोनांचा एक लोखंडी गड्डा कोशासारख्या पोकळीत गरगर फिरतो आणि फिरताफिरता स्वतःच हवेची भोके उघडतो व झाकतो. जपानमध्ये हिरोशिमाच्या माझदा कंपनीने हे इंजिन नेटाने सुधारले आणि १९६७ मध्ये कॉस्मो ही मोटार बाजारात आणली. पण एक खोड राहिली. धूर जाण्याचे भोक पोकळीच्या परिघावर होते, आणि काही क्षण येण्याची व जाण्याची दोन्ही भोके एकदम उघडी राहत. जळालेला वायू ताज्या हवेत मिसळे, इंधन वाया जाई. २००३ च्या आरएक्स-८ मोटारीत माझदाने जाण्याचे भोक बाजूच्या भिंतीत नेले, आणि दोन वाटांचा हा घोटाळा संपविला. शर्यतीचे गणित निराळे. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार चक्रांच्या इंजिनाने जिंकली, तेव्हा त्यात हवा आणणाऱ्या नळ्यांची लांबी वेगाप्रमाणे कमीजास्त होत होती. ह्या इंजिनात फेरफार करणारा कुठलाही कारागीर आपल्याला एकच गोष्ट सांगेल. येण्याचे भोक कोरून मोठे केले आणि जाण्याची नळी तशीच अरुंद ठेवली, तर सारी मेहनत पाण्यात गेली.

गिरणगावाकडे परत येऊ. ऐंशी गिरण्यांचा धूर एका गावावर पडू लागला, तेव्हा सरकारला जाग आली. १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे दाट धूर सोडणे गुन्हा ठरला. दाट धूर म्हणजे न जळालेला कोळसा, म्हणजे मालकाचेच नुकसान. त्यामुळे हा कायदा मालकांच्या गळी उतरायला फारसा जड गेला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत वीज आली. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये वारले, पण त्यांच्या कल्पनेतली जलविद्युत कंपनी १९१० मध्ये उभी राहिली, आणि लोणावळ्याचे पाणी खोपोलीला घाटाखाली सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. विजेच्या मोटरला दम लागत नाही. एकामागून एक वाफेची इंजिने थांबली, आणि धुराडी राहिली ती रंगखात्याच्या व खळीच्या वाफेपुरती.

पण मुंबईचे आकाश मोकळे झाले त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली. याच विजेसाठी मुळशीचे खोरे बुडायचे ठरले, तेव्हा १९२१ ते १९२४ ह्या काळात तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, शेते गेली. गिरणगावाच्या इतिहासात हे पान सहसा कोणी जोडत नाही. आम्ही जोडतो, कारण एका ठिकाणचा दम मोकळा करताना दुसऱ्या ठिकाणचा कोंडला गेला, तर त्याला नुसती सुधारणा म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एक किलो कोळसा जाळायला दहा-अकरा किलो हवा लागते, हे वर सांगितले. मध्यम कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला सुमारे वीस लिटर हवा आत घेतो. आठ तासांच्या पाळीत ती साडेनऊ-दहा हजार लिटर होते, आणि तिचे वजन भरते सुमारे अकरा किलो. म्हणजे एका कामगाराची एक पाळी आणि एक किलो कोळसा यांना हवा सारखीच लागते. फरक एवढाच की, कोळशाला द्यायची हवा मोजण्यासाठी झडप होती, दाबमापक होता, इंजिनिअर होता. आणि कामगाराला मिळणारी हवा मोजण्यासाठी कित्येक दशके काहीच नव्हते.

ती हवा कशी होती? ब्लोरूममध्ये आणि कार्डिंगमध्ये गाठी फुटत आणि कापूस पिंजला जाई, तेव्हा धुळीचे धुके उभे राही. विणखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट लागे. तेव्हा खिडक्या बंद ठेवून वरून वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडत. मुंबईच्या मे महिन्यात बंद शेडमध्ये वाफ सोडली म्हणजे काय होते, हे वेगळे सांगायला नको. सुताला सोयीची हवा माणसाला सोयीची नसते, आणि गिरणीत सुताचे ऐकले जाई. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. त्या एका श्वासाबरोबर तंतूही आत जाई.

पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात मुलांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण एवढे होते. प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात मागण्या काय होत्या? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. अर्जात हवेचा शब्द नाही. पण विसावा मागणे म्हणजे बाहेरच्या हवेत यायला मागणे होय. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली.

ह्या रविवारच्या सुटीचा वैद्यकशास्त्राशीही संबंध आहे. कापसाच्या धुळीने जो छातीचा रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची ओळख अशी की, सुटीनंतर कामावर आल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरत जातो तसे ते कमी वाटते. पुढे पुढे मात्र ते रोजचेच होते. इंग्लंडात रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकेशायरच्या कामगारांत त्याचा नीट अभ्यास केला. आपल्याकडे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या आणि हा रोग येथेही आहे हे दाखविले. त्यापूर्वी त्याला कोणी दमा म्हणे, कोणी विडीचा खोकला म्हणे, आणि गावी गेला की बरा होईल असे सांगून माणसाला गावी पाठवीत.

कायद्यात हवेला आकडा मिळाला तो १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ठळक केला. आधीपासून चालू असलेल्या कारखान्यात दर कामगारामागे ३५० घनफूट जागा आणि नव्या कारखान्यात ५०० घनफूट. त्यातही एक शहाणपणाचे वाक्य होते. जमिनीपासून १४ फुटांच्या वरची जागा ह्या हिशेबात धरायची नाही. छप्पर उंच आहे म्हणून डोक्यावरची पोकळी कामगाराच्या नावावर मांडता येणार नाही, असा त्याचा अर्थ. असे कलम लिहिणाऱ्याने गिरणी नक्की आतून पाहिली असावी.

पण कलम आणि छाती यांच्यामध्ये बरेच अंतर असते. आम्ही एका गिरणीत, नाव घेत नाही, पाहिलेले सांगतो. धूळ ओढणारा पंखा होता, नवा होता, चांगला होता. निरीक्षक येण्याचा दिवस असला की तो चाले. एरवी वीज वाचविण्यासाठी बंद. कामगारांना निरीक्षक येणार हे पंख्याच्या आवाजावरून कळे. शेवटी युनियनने पंखा चालू राहिला त्या तासांची वही मागितली. पगारवाढीसाठी लोक जसे जमतात तसे ह्या मागणीला जमले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. धूळ दिसते, पण तिची सवय होते. सवय हा मालकाचा सर्वांत स्वस्त नोकर आहे.

स्वच्छ हवा गिरणीला परवडत नाही, हे आम्ही पुष्कळदा ऐकले. अमेरिकेत १९७८ साली कापसाच्या धुळीची मर्यादा ठरली. सूत काढण्याच्या खात्यात घनमीटर हवेमागे ०.२ मिलिग्रॅम. मालक न्यायालयात गेले, धंदा बुडेल म्हणाले. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा कायम केली. धूळ कोंडायची म्हणून गिरण्यांनी नवी झाकबंद यंत्रे घेतली, आणि त्यांतून उत्पादनही वाढले. कोळशाच्या धुरात जी गोष्ट होती तीच येथे. जे वाया जाते ते अडविले की यंत्रही सुधारते.

आमच्याकडे यंत्रे सुधारण्याची वेळ आली तेव्हा गिरण्याच राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. जमिनीचा भाव कापडाच्या भावापेक्षा मोठा ठरला. धुराडी पडली, काही शोभेला राहिली, आणि त्याच आवारांत कचेऱ्या, दुकाने, खानावळी उभ्या राहिल्या.

येथे कोणी म्हणेल, इंजिन गेले, धूर गेला, आता हा विषय संपला. तो संपलेला नाही. २०१७ सालच्या दोन तारखा पाहा. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसाच्या सरीत माणसे अडली. वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच जिन्यावर आले, आणि तेवीस जण दबून, गुदमरून गेले. २९ डिसेंबरला लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या एका पबला आग लागली, आणि चौदा जण गेले. त्यांतले बहुतेक भाजून नव्हे, धुराने गुदमरून. तीन महिन्यांच्या अंतराने, एकाच गिरणगावात. जिथे एके काळी गिरण्या होत्या तिथे हजारो माणसांना कामाला व करमणुकीला बोलावले. येण्याची वाट पुष्कळ रुंद केली. जाण्याची वाट मात्र जुन्या मापाचीच राहिली. १८४९ साली लोखंडाच्या सिलिंडरासाठी जे समजले होते ते २०१७ मध्ये माणसांसाठी समजले नव्हते.

यावरून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. हवेला जिथे पैशाची किंमत होती तिथे ती पहिल्या दिवसापासून मोजली गेली, आणि जिथे नव्हती तिथे ती कोणाला तरी मोजायला लावावी लागली, लोखंड्यांना सह्यांनी, डॉक्टरांना तपासणीने, कायद्याला आकड्याने. आज परळ-लालबागच्या परिसरात काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या तळघरात गाड्या लावणारी, वातानुकूलनाची यंत्रे राखणारी, खानावळींच्या मुदपाकखान्यात राबणारी माणसे कंत्राटाची आहेत, आणि त्यांतली पुष्कळ कोणत्याही युनियनच्या वहीत नाहीत. त्यांच्या कामाच्या जागी हवा कोठून येते, कोठून जाते आणि आग लागली तर माणसे कोठून निघतील, हे तीन प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. आपण ज्या इमारतीत रोज जाता तिथे उद्या हे विचारून पाहा. उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. मिळाले नाही तर चार माणसे मिळून पुन्हा विचारा.